भीती लपवू नका, बापापाशी बोला

रात्रपाळीला गेलेला मुलगा सकाळचे सात वाजून गेले तरी घरी आला नाही, की पडघ्यातली आई आधी फोन लावते आणि मग महामार्गाकडे कान लावून बसते. फोन लागतो, मुलगा येतो, चहा होतो, दिवस सुरू होतो. भीती मात्र पुरती जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दारात उभी असते.

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या या गावाला भीतीची कारणं शोधत फिरावं लागत नाही. अवजड गाड्या चोवीस तास धावत असतात. भिवंडी तालुक्यातल्या गोदामांत असंख्य तरुण कंत्राटावर राबतात आणि पुढच्या महिन्यात काम असेल की नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. दुचाकीचे हप्ते, घराचे हप्ते, मुलीच्या कॉलेजची फी, म्हाताऱ्यांची औषधं हे सगळं त्याच अनिश्चित पगारावर उभं असतं. काही संकटं तर चाहूलही देत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पडघा आणि कळवा यांच्यामधल्या अतिउच्चदाब वाहिनीत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली. करोनाचे दिवस होते. ज्यांचं माणूस दवाखान्यात प्राणवायूवर होतं, त्यांच्या पोटात कसा गोळा आला असेल! त्याच्या तीनच आठवडे आधी, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत कोसळली होती आणि झोपेतली तीसहून अधिक माणसं गेली होती.

अशा वेळी कुणीतरी आपल्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, “देवावर भरवसा ठेव. तो सगळ्यांचा बाप आहे.” सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं. ऐकणाऱ्याला मात्र पुढे काय करायचं ते कळत नाही. भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं? डोळे मिटून बसायचं? भीती वाटतच नाही असं दाखवायचं? आणि तो बाप असेल, तर त्या पहाटे कुठे होता?

हे प्रश्न मला मोलाचे वाटतात. त्यांना बगल देऊन दिलेला धीर दोन दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून या लेखात आधी हा भरवसा म्हणजे काय हे पाहू, आणि मग भ्यालेल्या माणसाने घरी, रात्री, कामावर काय करावं हे एकेक करून पाहू.

भरवसा म्हणजे हमी नव्हे

पहिली गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. देव बाप आहे म्हणून आपल्या घरी अपघात होणार नाही, आजार येणार नाही, नोकरी जाणार नाही, असं कुठल्याही धर्माने प्रामाणिकपणे सांगितलेलं नाही. जो तसं सांगतो तो आपल्याला फसवतो किंवा स्वतःची समजूत घालत असतो.

येशू ख्रिस्ताची शेवटची रात्र पाहा. देवाला ‘अब्बा’ म्हणजे बाबा म्हणून हाक मारणारा तो, गेथशेमाने बागेत इतका व्याकूळ झाला होता की शिष्यांनी जवळ जागं राहावं अशी विनवणी त्याने केली. हे दुःख टळावं, असं त्याने बापापाशी उघड मागितलं. ते टळलं नाही. तरी तो बापाशी बोलायचा थांबला नाही. भ्यायला म्हणून त्याचा विश्वास कमी पडला, असं त्याच्या अनुयायांपैकी कुणी मानलेलं नाही.

गीतेच्या अकराव्या अध्यायात तर महाभारतातला सर्वांत मोठा धनुर्धर थरथर कापतो. विश्वरूप पाहून अर्जुनाचा धीर सुटतो, हात जोडले जातात, बोलताना शब्द अडखळतात. त्या क्षणी तो कृष्णाला सांगतो, की बाप मुलाचं सहन करतो तसं तू माझं सहन कर. कृष्ण त्याला क्षत्रियाने भिऊ नये असा उपदेश करत बसत नाही. तो आपलं ओळखीचं, सौम्य रूप पुन्हा धारण करतो आणि भ्यालेल्याला धीर देतो. त्याहून कितीतरी आधी ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्ताचा शेवट याच मागणीने झाला आहे: मुलाला बापाजवळ जसं सहज जाता येतं, तसं आम्हाला तुझ्याजवळ येता यावं.

या दोन्ही ठिकाणी मागणं एकच आहे. जवळ येऊ दे. संकट आलं तरी मला तुझ्यापासून तोंड लपवावं लागू नये. माझ्या मते देवाला बाप म्हणण्याचा खरा अर्थ एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. खेळताना पडलेलं मूल पुष्कळदा रस्त्यात रडत नाही. घरी येऊन बाप दिसला की त्याला हुंदका फुटतो. भरवसा असाच असतो. आपली भीती जिथे उघडी करता येते, तिथे आपण भरवसा ठेवलेला असतो.

दुष्काळ पाहिलेल्या माणसांची साक्ष

ज्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं त्यांनी देवाला दयाळू म्हणणं सोपं होतं. आपल्या मराठी मुलखात मात्र ज्यांनी हे सर्वांत जोरकसपणे म्हटलं, त्यांतल्या अनेकांनी सर्वस्व गमावलं होतं.

तुकोबांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपण ते घाईने सांगून पुढे जातो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, गावात पत राहिली नाही. या आघातानंतर त्यांनी काय केलं? मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद धाकट्या भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले, असं परंपरा सांगते. दुष्काळाने पिचलेल्या ऋणकोंना केवढा धीर आला असेल! आणि ज्या विठ्ठलाला ते मायबाप म्हणत, त्याच्याशी ते आयुष्यभर भांडले, रुसले, त्याला जाब विचारत राहिले. नामदेव आणि जनाबाईंनीही तेच केलं. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

पंडिता रमाबाई १८७० च्या दशकातल्या दुष्काळात पोरक्या झाल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं होतं. ते वडील, मग आई, मग थोरली बहीण, अशी माणसं डोळ्यांदेखत गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि तान्ही मुलगी कडेवर राहिली. अशी बाई उरलेलं आयुष्य दाराला कडी घालून बसली असती तर कुणी दोष दिला नसता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई त्या भागात स्वतः गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांचं ‘मुक्ती’ उभं राहिलं. देव पोरक्यांचा बाप आहे अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेचं प्रमाण त्यांनी केडगावच्या स्वयंपाकघरात, विहिरींवर आणि शाळेत दिलं.

या दोघांकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. भरवसा आला म्हणून त्यांचे हात थांबले नाहीत, उलट हात मोकळे झाले. भीती माणसाला स्वतःपुरतं जपायला लावते. मी एकटा नाही हे पटलं की दुसऱ्यासाठी काही करायचं बळ येतं.

आपला बाप कठोर असेल तर?

देवाला बाप म्हणा असं सांगताना एक फार नाजूक गोष्ट विसरली जाते. काही माणसांना बाप म्हटलं की मारच आठवतो. दारू पिऊन आलेला, आईवर हात टाकणारा, घरातून निघून गेलेला बाप. त्यांना हा शब्द आधार देत नाही, तो जखमेवर बोट ठेवतो.

अशांनी कवी नारायण वामन टिळकांची आठवण ठेवावी. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला त्यांचा जन्म झाला आणि बालपणाचा काही काळ पडघ्यापासून जवळच असलेल्या कल्याणात गेला. वडील कडक आणि तापट. आईवर या मुलाचा जीव होता, आणि आई लवकर गेली. मग हा मुलगा घर सोडून नाशिकला निघून गेला आणि परक्यांच्या आधाराने शिकला. पुढे १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या निर्णयापायी पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षांची ताटातूट झाली. त्या वर्षांचं दुःख लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिलं आहे आणि ते वाचताना आजही घसा दाटतो. अशा या माणसाच्या कवितेत देव बापाच्या, त्याहून जास्त आईच्या मायेने भेटतो. ज्या घरात त्यांना बापाची माया मिळाली नाही, तिथे त्यांनी देवाचं चित्र शोधलं नाही. आईच्या मायेत शोधलं, परक्यांच्या आधारात शोधलं.

म्हणून घरच्या कठोर बापाचा चेहरा देवाला लावू नका. तुमच्या आयुष्यात ज्या माणसाने तुम्हाला काही न मागता जपलं, तो चेहरा आठवा. आजी असेल, मामा असेल, शाळेतले सर असतील, शेजारच्या काकू असतील. ‘बाप’ शब्द घशात अडकत असेल तर ‘माउली’ म्हणा. वारकरी विठ्ठलाला सातशे वर्षं आई म्हणत आले आहेत. पडघ्यात आणि शेजारच्या बोरिवलीत मुस्लिम वस्ती मोठी आहे. इस्लाममध्ये अल्लाहला बाप म्हणत नाहीत. पण हरवलेलं मूल सापडताच त्याला उराशी घेणारी आई दाखवून, अल्लाहची दया तिच्या मायेहूनही मोठी आहे असं पैगंबरांनी सोबत्यांना सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. नाव कुठलंही घ्या, आपण त्याला हवे आहोत एवढं मनात राहू द्या.

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टी.

१. भीतीला नाव द्या

“मला कसंतरी होतंय” या भीतीशी लढता येत नाही. वही घ्या आणि एका ओळीत लिहा: मला नक्की कशाची भीती वाटते? ‘पंचवीस तारखेचा हप्ता चुकेल.’ ‘आईच्या तपासणीत वाईट निघेल.’ ‘मुलगा वाईट संगतीत गेलाय.’ लिहिलं की अंधारातली भीती उजेडात येते आणि तिचा आकार कळतो.

मग त्या ओळीखाली दोन रकाने करा. एकात माझ्या हातात काय आहे ते, दुसऱ्यात माझ्या हातात नाही ते. हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत मागणं माझ्या हातात आहे. कंपनी कंत्राट चालू ठेवील का, हे नाही. पहिला रकाना हे आपलं काम. दुसरा रकाना बापापुढे ठेवायचा. बहुतेक वेळा आपण उलटं करतो. हातातलं काम देवावर टाकतो आणि हातात नसलेलं रात्रभर उशाशी घेऊन झोपतो.

२. आपल्या बोलीत बोला

प्रार्थनेला मोठे शब्द लागत नाहीत. ज्या भाषेत आपण घरी बोलतो त्याच आगरी-कुणबी-वारली बोलीत, दखनीत, जशी येईल तशी. मोठ्याने बोलायला संकोच वाटत असेल तर दुचाकीवर, हेल्मेटच्या आत बोला. असं काहीतरी:

“बापा, आज मला फार भीती वाटते. उद्या डॉक्टर काय सांगतील ते ठाऊक नाही. मी घरात कुणाला काही दाखवत नाही, पण तुला दिसतंय. वाईट टळावं असं मला वाटतं आणि ते मी मागतो. नाही टळलं तर मला सोडू नकोस. उद्याच्या दिवसापुरतं बळ दे.”

यात चार गोष्टी आहेत: भीती कबूल करणं, हवं ते उघड मागणं, सोबत मागणं, आणि एका दिवसापुरतं मागणं. शेवटची गोष्ट महत्त्वाची. येत्या दहा वर्षांचं बळ आज कुणालाच मिळत नाही. आजची भाकर आज, असं मागायला येशूनेही शिकवलं.

राग आला असेल तर तोही सांगा. “तू कुठे होतास?” असं विचारल्याने देव रुसत नाही. आपल्या संतांनी ते विचारलं आहे.

३. आधी उंट बांधा

वाळवंटातल्या एका माणसाने पैगंबरांना विचारलं, उंट बांधू आणि अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? उत्तर मिळालं, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. हा सल्ला कुठल्याही धर्माच्या माणसाने दारावर लिहून ठेवावा असा आहे.

महामार्गाची भीती वाटते? मग हेल्मेटचा पट्टा लावूनच गाडी सुरू करायची. चुकीच्या बाजूने गाडी घालायची नाही. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतील तर अर्धा तास कामाच्या जागीच झोपून मग निघायचं. अपघात झाल्यास १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ हा पोलिस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीचा एकच क्रमांक आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे. हे क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ हवेत. घराच्या भिंतीला मोठा तडा गेला असेल, छताचे पोपडे पडत असतील, तर देवाच्या तसबिरीमागे तो तडा झाकू नका. मालकाला आणि पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवा, त्याची पोच घ्या, आणि धोका दिसला तर भाड्याची ओढाताण सोसून जागा सोडा. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे लग्न असो की पगार, थांबा.

पटेल कंपाउंडच्या पहाटेचा प्रश्न इथे परत येतो. त्या पहाटे बाप कुठे होता, याचं संपूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर कुणी ते असल्याचा आव आणू नये. पण एक नक्की म्हणता येतं. इमारती देव पाडत नाही. त्या जुन्या होतात, कमकुवत बांधल्या जातात, आणि इशाऱ्यांकडे दुर्लक्ष होतं. माणसांच्या निष्काळजीपणाला देवाची इच्छा म्हणणं हा त्या बापावर आळ आहे. त्या ढिगाऱ्यापाशी दिवसरात्र हातांनी विटा उचलणारे जवान आणि शेजारी होते. मला वाटतं, बापाचे हात शोधायचे असतील तर तिथे शोधावेत.

४. रात्रीच्या तीन वाजताचं करायचं काय

भीतीला रात्र आवडते. दिवसा पेलणारी गोष्ट रात्री तीनला डोंगराएवढी होते. तेव्हा पुढच्या आयुष्याचे निर्णय घेऊ नका आणि मोबाइलवर आजाराची माहिती शोधू नका. उठून बसा, पाणी प्या. श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. सोडताना देवाचं जे नाव तुमच्या घरात घेतलं जातं ते घ्या. सोडलेला श्वास लांबला की छातीची धडधड हळूहळू उतरते. नामस्मरण, जपमाळ, तस्बीह यांत हाच संथपणा आपोआप येतो. तरी झोप येत नसेल तर वहीत एक ओळ लिहा: ‘हे सकाळी नऊला बघेन.’ आणि सकाळी नऊला खरंच बघा.

एक इशारा. छातीत कळ, घाम, डाव्या हाताला मुंग्या, श्वास लागणं, असं काही झालं तर ‘भीतीमुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि भीती आठवडेच्या आठवडे जात नसेल, जेवण-झोप-काम बंद पडलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही ‘टेलिमानस’ची मोफत सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाणं म्हणजे वेडं ठरणं नव्हे. डॉक्टरकडे जाण्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही. ताप आल्यावर आपण गोळी घेतोच ना?

५. भीतीचा धंदा करणाऱ्यांपासून दूर राहा

माणूस भ्यालेला आहे हे काही लोकांना लांबून कळतं. घरात कुणी करणी केली आहे, अमुक विधी केला नाही तर मुलगा जाईल, एवढे पैसे आणा, कोंबडं आणा, बाईला एकटीला आत पाठवा. असं सांगणारा हिंदू असो, मुस्लिम असो, ख्रिस्ती असो, त्याच्या दारातून परत फिरा.

ओळखायची खूण सोपी आहे. बाप मुलाला धमकावून जवळ बोलावत नाही आणि जवळ घेण्याचे पैसे मागत नाही. जिथे भीती वाढवली जाते आणि मग ती उतरवण्याची किंमत सांगितली जाते, तिथे देवाचं नाव असेल पण देवाची माया नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. अशा फसवणुकीची तक्रार पोलिस ठाण्यात करता येते. ती करणं धर्मविरोधी नाही. खऱ्या श्रद्धेवर ते उपकारच आहेत.

६. एकटे राहू नका

त्या बापाचं दुसरं कुणी लेकरू नाही, असं थोडंच आहे! १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. पुढे त्यात आलेल्या न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या माणसांनी हेच मनाशी धरलं होतं: देव एक, तो सर्वांचा पिता, म्हणून आपण सगळे भावंडं. मनात भीती भरली की हे सर्वांत आधी विसरायला होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तपास यंत्रणेच्या छाप्यांनंतर पडघ्याचं आणि बोरिवलीचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. न्यायालयाचं काम न्यायालय करील. पण गावाचं नाव असं बातम्यांत गेलं की हिंदू-मुस्लिम दोन्ही बाजूंच्या साध्या, कष्टाळू घरांना आपापल्या भीतीने घेरलं जातं. अशा वेळी अफवा पुढे न पाठवणं आणि नेहमीच्या दुकानात नेहमीसारखं जाऊन नेहमीसारखं बोलणं, हेसुद्धा बापावरच्या भरवशाचंच काम आहे. भावंडांनी एकमेकांना भिऊन दारं लावून घ्यावीत, असं कुठल्या बापाला आवडेल?

भजनी मंडळ, मशिदीतली जमात, चर्चमधली प्रार्थना, बचत गट, कामावरचे मित्र, यांपैकी एका तरी माणसाला आपली भीती सांगा. सल्ला नको, फक्त ऐक, असं आधीच म्हटलं तरी चालतं. आणि दुसरा सांगायला आला तर मध्येच “काही होत नाही रे” म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. ऐका. गरज दिसली तर दवाखान्यात सोबत जा, डबा द्या, रात्रपाळीला सोडून या. घाबरलेल्या माणसाला देवाची माया बहुधा माणसाच्याच हातून पोचते.

वडिलांसाठी चार शब्द

शेवटी, ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्या वडिलांशी बोलायचं आहे. ‘देव बाप आहे’ हे वाक्य तुमची मुलं पुढे कधीतरी ऐकतील, आणि ऐकताना त्यांच्या मनात आधी तुम्ही याल.

म्हणून मुलांना देवाचा धाक घालू नका. “खोटं बोललास तर देव डोळे फोडेल” असं ऐकत वाढलेलं मूल संकटात त्या देवापासून लपतं. मूल घाबरलं तर “मुलासारखा मुलगा आणि रडतोस?” असं म्हणू नका, जवळ घ्या आणि काय झालं ते विचारा. चूक सांगायला आलं तर सांगितल्याबद्दल आधी शाबासकी द्या, चुकीचं नंतर पाहू. आणि कधी तुम्हालाच भीती वाटत असेल तर तीही त्याला झेपेल एवढ्या शब्दांत सांगा: “बाबांना पण काळजी वाटते. मी देवाला सांगतो, आईशी बोलतो, आणि मग कामाला लागतो.” मोठ्या माणसालाही भीती वाटते आणि तरी तो सकाळी उठून कामावर जातो, हे मुलाने घरात पाहिलं तर पुढे आयुष्यभर ते त्याच्या उपयोगी पडेल.

आजच्या आज करायचं तर एवढं करा. वहीत भीतीची एक ओळ लिहा. जे हातात आहे त्यातलं एक काम उद्या सकाळसाठी ठरवा. उरलेलं झोपण्याआधी आपल्या शब्दांत बापाला सांगा. आणि घरात जो सगळ्यांत गप्प आहे, त्याला विचारा, “तुला कशाची भीती वाटते का?” तो बोलेल तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.